मागच्या सीटवरून

सोमवार, ३ फेब्रुवारी

वन्सं,

फोन केला की तुम्ही कट करता, म्हणून पत्र. पत्रही फाडता येतं म्हणा, पण फाडायच्या आधी निदान अक्षर कुणाचं ते तरी बघावं लागतं. माझं अक्षर अजून तसंच आहे, बस सुटत असल्यासारखं पुढे पळणारं.

मला नसत्या चौकशा फार, असं तुम्हीच म्हणायचात. तर पहिली चौकशी: तुमच्याकडे गॅस केवढ्याला पडतो? आमच्याकडे तो इतक्यांदा वाढला की सिलिंडर आणणारा आता पावती पाठीमागे धरतो आणि म्हणतो, "बाई, आधी बसून घ्या." पेट्रोलचं तर विचारूच नका. पेट्रोल वाढलं म्हणून भाजी वाढली आणि भाजी वाढली म्हणून इस्त्रीवाल्याने दर वाढवला. मी त्याला म्हटलं, "तुझी इस्त्री काय पेट्रोलवर चालते?" तर म्हणाला, "बाई, मी पण भाजी खातो ना!"

मी आता सकाळी एकदाच चहा करून थर्मासात भरते. गीझर दिवसाआड लावते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करते, आणि पुढचं काम वाफेवर सोपवते. तुमचे दादा जेवताना भात चिवडून बघतात, पण बोलत नाहीत.

घर तसंच आहे. आम्ही खाली, भाऊजी आणि धाकटी जाऊ वर. आणि दोघे भाऊ अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही दारातून परत गेलात त्या दिवसापासून एक शब्द नाही, सहा वर्षं झाली. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण चपलेत खडा गेल्यासारखा खाली वाकतो आणि दुसरा निघून जातो.

यात गंमत अशी की दोघे जातात एकाच रस्त्याने आणि एकाच वेळी. हे रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर, भाऊजी समोरच्याच बाटल्यांच्या कारखान्यात मशीनवर. हे जुन्या गाडीतून, भाऊजी मोटरसायकलवरून, मागोमाग.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, गेल्या महिन्यात मी दूध कमी केलं. या महिन्यात काय कमी करू?"

मी म्हटलं, "मोटरसायकल."

तिच्या लगेच लक्षात आलं. "पण ते ऐकायचे नाहीत."

"कोण?"

"दोघंही."

मग आम्ही काय केलं सांगू? तिने भाऊजींना सांगितलं, एका गाडीतून जाऊ या का असं दादांनी विचारलंय. मी यांना सांगितलं, भाऊजींनी विचारलंय. दोघांनाही वाटलं, दुसरा नमला. दोघंही उगाच थोडा वेळ आढ्याकडे बघत बसले आणि "बघू" म्हणाले. आज सकाळी एका गाडीतून गेले.

चाळीस मिनिटांचा रस्ता आहे, वन्सं. काय बोलले असतील? मला दिवसभर काम सुचलं नाही.

तुमची वहिनी

सोमवार, २४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही. पण माझं पत्र परतही आलं नाही, तेव्हा मी आपली लिहिते.

पहिल्या दिवशी हे घरी आल्या आल्या मी विचारलं, "काय बोललात?"

"कुणाशी?"

"भाऊजींशी."

"गाडी चालवताना बोलू नये."

वर धाकटीने विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "मी झोपलो होतो." म्हणजे जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस मिनिटं एक जण झोपलेला आणि दुसरा वाहतुकीचे नियम पाळणारा.

मध्यंतरी पेट्रोल पुन्हा वाढलं. हे आता सिग्नल दिसला की लांबूनच इंजिन बंद करतात आणि गाडी आपोआप जाऊन उभी राहील अशी आशा धरतात. वजन कमी व्हावं म्हणून डिकी रिकामी केली. भाऊजींचं वजन तेवढं कमी करता येत नाही, असं मला म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी भाऊजींबद्दल मारलेला हा पहिला विनोद. मी हसले नाही, नाहीतर तो शेवटचा ठरला असता.

पण गेल्या आठवड्यापासून काहीतरी वेगळंच चाललंय. हे रोज दहा मिनिटं आधी निघतात. मागची सीट ब्रशने झाडतात. आणि घरी येऊन भलत्याच गोष्टी सांगतात. धाकटीच्या मुलीला ताप होता, तर हे वरच्या जिन्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ताप असला की पांघरुणं घालत नाहीत, काढतात!" कुठून शिकले? परवा स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवून बाहेरच्या खोलीत लावलं. का, तर म्हणे वाफ शिरून आतला पत्रा गंजतो. घड्याळात पत्रा असतो हे या माणसाला ठाऊक असेल, असं मला लग्न झाल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

आणि काल गाडी पुसताना मागच्या सीटच्या फटीत केसांची एक पिन सापडली.

माझी नाही, मी अंबाडा घालत नाही. धाकटीला दाखवली, तिचीही नाही. सीटला दवाखान्यासारखा वास येत होता. धाकटी म्हणाली, "सरळ विचारा ना." सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, असा आपल्या घरात कुणाचा अनुभव आहे?

तुमची वहिनी

बुधवार, १२ मार्च

वन्सं,

हे पत्र तरी शेवटपर्यंत वाचा. बसून वाचा.

भाऊजी बोलता बोलता धाकटीला म्हणून गेले, "पुलाजवळच्या थांब्यावर रोज दोन मिनिटं जातात." कशाला जातात ते काही बोलले नाहीत. तेवढं मला पुरलं. काल यांच्या आधी घराबाहेर पडले, बसने पुलापर्यंत गेले आणि थांब्यावर उभी राहिले.

तिथे दोघं होती. एक पांढऱ्या कपड्यांतली, अंबाडा घट्ट बांधलेली सिस्टर, साधारण माझ्याच वयाची. आणि एक म्हातारेसे गृहस्थ, मांडीवर लाकडी पेटी घेऊन बाकावर बसलेले. ते घड्याळं दुरुस्त करतात, हे नंतर कळलं. अंबाड्यातल्या पिना बघून सीटमधली पिन कुणाची, ते लगेच लक्षात आलं.

सिस्टर मला म्हणाली, "बसची वाट बघताय? आता येईल ती भरूनच येईल. आमच्या गाडीत जागा आहे का बघा. पेट्रोलला थोडा हातभार लावायचा, बस्स."

"कुणाची गाडी?" मी विचारलं.

"आहेत दोघे भाऊ. माणसं चांगली आहेत. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत."

"मग गाडीत करतात काय?"

"आमच्यातून बोलतात. थोरले म्हणतात, 'सिस्टर, त्यांना सांगा काच वर घ्या.' धाकटे म्हणतात, 'सिस्टर, त्यांना सांगा डावं चाक वाजतंय.' पहिल्या दिवशी मला वाटलं, एकाला ऐकू येत नसेल." मग जरा जवळ सरकून म्हणाली, "थोरल्यांची बायको म्हणे भारी चौकस. यांनी वाटेत एक केळं खाल्लं तरी तिला कळतं."

"असं म्हणतात?"

"हो. पण म्हणतात, ती आहे म्हणून घर आहे."

वन्सं, हे मला कुणी घरात सांगितलं नाही कधी. ऐकायला पुलापाशी जावं लागलं.

तेवढ्यात गाडी आली. यांनी मला बघितलं. एखाद्याला स्टोअरची किल्ली आतच राहिल्याचं दार ओढून घेतल्यावर कळावं, तसा चेहरा झाला. सिस्टर खिडकीशी वाकून म्हणाली, "साहेब, या बाईंनाही घ्यायचं का? तिकडेच चालल्यात."

हे समोर बघत म्हणाले, "जागा आहे. पण पेट्रोलचा वाटा द्यावा लागेल."

"देईन की," मी म्हटलं आणि मागे जाऊन बसले. भाऊजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते.

थोडं पुढे गेल्यावर सिस्टर म्हणाली, "साहेब, काल तुमच्या बहिणीचं सांगत होतात ते राहिलं. हॉस्पिटल आलं आणि मी उतरले."

यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आज नको, सिस्टर."

"सिस्टर, त्यांना विचारा, का नको?" भाऊजी म्हणाले. "काल त्यांची बाजू सांगून झाली. आज माझी सांगतो. आमची आई तुमच्याच हॉस्पिटलात होती. ती गेली त्या दुपारी हे मला म्हणाले, 'तिला कळवतो मी.' बहिणीला. मी म्हटलं बरं, आणि उरलेली औषधं परत करायला खाली गेलो. यांनी काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीला कुठल्यातरी शेजारणीकडून कळलं. ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती दारात उभी, आणि हे सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, मी याला कळवायला सांगितलं होतं."

"खोटं," हे म्हणाले. गाडीचा वेग वाढला.

"सिस्टर, त्यांना विचारा, खोटं कोण बोलतंय?"

आता तुम्हालाही एक सांगायला हवं, वन्सं. त्या दुपारी धाकटी तिच्या आजारी वडिलांकडे होती आणि मी आईंच्या खोलीत सामान गोळा करत होते. मी यांना विचारलं होतं, वन्संना कळवलं का? हे म्हणाले होते, भाऊ कळवतोय. म्हणून इतकी वर्षं मीही मनातून भाऊजींनाच दोष देत होते.

सिस्टर म्हणाली, "थांबा दोघंही. साहेब, तुम्ही नेमकं काय म्हणालात? शब्द न् शब्द सांगा. आम्हाला डॉक्टर तोंडी औषध सांगतात, तेव्हा आम्ही ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो. नाहीतर भलतंच इंजेक्शन जातं."

यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी म्हणालो, 'तिला कळव, तोवर मी बिलाचं बघतो.'"

"कुठे उभे होतात?"

"पहिल्या मजल्यावर. लिफ्टसमोर."

"तिथली फरशी उखडलीय. ट्रॉली गेली की निम्मे शब्द त्या खडखडाटात जातात. तेव्हा ट्रॉली चालली होती का?"

"चालली होती," भाऊजी म्हणाले. "आईचीच."

सिस्टरने नुसतं एकामागून एक म्हणून दाखवलं. "तिला कळव, तोवर मी." आणि मग, "तिला कळवतो मी."

यांनी गाडी कडेला घेतली. सिग्नलवर थेंब थेंब वाचवणारा माणूस, पण इंजिन तसंच चालू. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. घड्याळवाले गृहस्थ पेटी घेऊन हळूच उतरले आणि पाठ करून उभे राहिले. मला हात पुढे करून यांच्या खांद्यावर ठेवावासा वाटला, पण मी त्या गाडीत अनोळखी बाई होते.

मग भाऊजी म्हणाले, "दादा, गाडी बंद कर. पेट्रोल जातंय."

सिस्टर, त्यांना सांगा, असं नाही. सरळ दादा.

हे म्हणाले, "हं." आणि किल्ली फिरवली.

काल सगळ्यांनाच उशीर झाला. दोघांनाही तुमच्याकडे यायचंय. हे म्हणतात, आधी तू लिही. भाऊजी म्हणतात, दादांनी आधी लिहावं. मी आधीपासून लिहितेय, हे दोघांनाही माहीत नाही.

तुमची वहिनी

गुरुवार, २० मार्च

वहिनी,

पहिलं पत्र मी न उघडताच ठेवलं होतं. दुसरं उघडलं ते चुकून, विजेचं बिल समजून. मग पहिलं उघडावं लागलं, कारण पिन कुणाची ते डोक्यातून जाईना. तिसरं बसून वाचा म्हणालात, मी बेकरीत उभ्यानेच वाचलं. बिस्किटांचा एक ट्रे करपला. तो दादाच्या नावावर.

गॅसचं विचारलंत. आमची भट्टी डिझेलवर चालते, तेव्हा तुमचं दुःख लहान आहे. पूर्वी रोज पेटायची, आता दिवसाआड पेटवतो. एक दिवस पाव, एक दिवस उधारीवाल्यांची तोंडं.

ते "तोवर"चं मी किती वेळा स्वतःशी म्हणून बघितलं. बरोबर आहे. तसंच ऐकू येतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. पण वहिनी, मग मी रागवायचं कुणावर? माझा फोन वाजला नाही. मी आईला बघितलं नाही. हे मी एखाद्या ट्रॉलीवर ढकलून मोकळी होऊ शकत नाही. दोघांना एवढ्यात माझ्याकडे पाठवू नका. मी दार उघडेन की नाही, माझं मला माहीत नाही.

एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही तिच्याजवळ होतात. ती काही म्हणाली का? गोड करून सांगू नका.

तुमची नणंद

सोमवार, २४ मार्च

वन्सं,

गोड करून सांगत नाही. त्या दिवशी आई फार कमी बोलल्या. सकाळी चहा दिला तो पांचट आहे म्हणाल्या, आणि खरंच होता. पंख्याचा आवाज येतो म्हणाल्या, तो बंद केला. मग उकडतं म्हणाल्या, पुन्हा लावला. दुपारी जरा डोळा लागला. जाग आल्यावर मला विचारलं, "तिची भट्टी पेटली का गं?"

तुमची बेकरी तेव्हा नुकतीच सुरू होत होती. मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो, पेटली."

त्या म्हणाल्या, "मग आता ती काही लवकर उठून येत नाही." तक्रार नव्हती. मुलगी कामाला लागली, असा आवाज होता. त्यानंतर काही बोलल्या नाहीत.

एवढंच आहे. मी यात काही घातलं नाही आणि काही काढलंही नाही.

तुमची वहिनी

शनिवार, १९ एप्रिल

वन्सं,

तुम्ही सुखरूप पोहोचलात, हे कळलं. न कळवता आलात ते बरं केलंत. कळवलं असतं तर दोघांनी मला पडदे धुवायला लावले असते.

त्या दिवशी तुम्ही दोघांना समोर बसवून जे बोललात, ते मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. मला ऐकू आलं नाही ते धाकटीने जिन्यातून ऐकलं. तुम्ही इतकं रागवाल असं वाटलं नव्हतं, आणि दोघं इतकं मुकाट ऐकून घेतील असंही वाटलं नव्हतं. "माफ केलं" असं तुम्ही म्हणाला नाहीत, ते माझ्या लक्षात आलं. पण जेवायला बसलात. भाऊजींच्या ताटातली वाटी पूर्वीसारखी न विचारता उचललीत, तेव्हा धाकटी उठून आत का गेली, ते तुम्हाला कळलं असेलच.

आता इकडचं. पेट्रोल परवा पुन्हा वाढलं. मोटरसायकल विकली. घड्याळवाले आता दुसऱ्या रस्त्याने जातात, त्यांच्या जागी एक शिंपीकाका येतात, ते गाडीत बसल्या बसल्या झोपतात. सिस्टर आहेच. ती म्हणते, पूर्वी प्रवासात काम असायचं, आता दोघं आपापसात बोलतात आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही.

आणि एक नवीनच सुरू झालंय. संध्याकाळी गाडी घरासमोर येऊन उभी राहते, इंजिन बंद होतं, दिवे मालवतात, पण कुणी उतरत नाही. दोघं आतच बसून राहतात. कधी कधी अर्धा अर्धा तास. मी खालच्या खिडकीत आणि धाकटी वरच्या. काचा बंद असतात. ओठ हलताना दिसतात. हे हातवारे करतात, भाऊजी मान हलवतात, मध्येच दोघं हसतात. काल भाऊजी डोळे पुसत होते, की चष्मा पुसत होते, एवढ्या लांबून समजलं नाही. मी भाजी आणायच्या निमित्ताने दोनदा गाडीजवळून गेले. दोन्ही वेळा गप्प झाले.

आल्यावर विचारलं, "काय चाललं होतं?" तर हे म्हणाले, "काही नाही, असंच."

तुम्हाला फोनवर काही सांगतात का?

मी यांची गाडी वळणावर दिसली की जेवण गरम करायला ठेवते. ते उतरेपर्यंत पार निवतं, मग पुन्हा गरम करते. गॅस दुप्पट जातो. धाकटीचाही जातो. परवा ती वरून म्हणाली, "जाऊबाई, हाक मारू का त्यांना?"

मी म्हटलं, "नको. जाऊ दे गॅस."

तुमची वहिनी